शारदाक्कांची खिडकी

शारदाक्कांच्या घरात एकही पंखा नव्हता. हॉलच्या छताला बांधकामाच्या वेळी सोडलेला लोखंडी हुक होता, त्याला त्या कांद्याची परडी टांगत. वरचा मजला भाड्यानं मागायला मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा बोलता बोलता माझी नजर सारखी त्या परडीकडे जात होती. त्यांच्या ते लक्षात आलं.

"कांदे वाऱ्यावर टांगले की नासत नाहीत," त्या म्हणाल्या.

"आणि पंखा?"

"पंखा कशाला? हे काय मद्रास आहे?"

हा प्रश्न पुढं मी अनेकदा ऐकला. बेंगळूरला मल्लेश्वरमच्या त्या क्रॉसमधल्या, म्हणजे आडव्या गल्लीतल्या, जुन्या लोकांना आपल्या गावाच्या हवेचा जो अभिमान होता, तो शारदाक्कांमध्ये जरा जास्तच उतरला होता. सकाळी दहापर्यंत अंगात खाकी रंगाचा विणलेला स्वेटर, मग तो चैत्र असो की वैशाख. पुण्याहून आमचे पाहुणे आले आणि त्यांनी घाम पुसला, की त्या समाधानानं म्हणायच्या, "तुमच्या गावचं ऊन अंगावर घेऊन आलाय. दोन दिवसांत उतरेल." गेल्या काही वर्षांत बेंगळूरचा उन्हाळा बदलला होता, सगळे तसं म्हणत होते, पेपरात येत होतं. शारदाक्कांना ते मान्य नव्हतं. "हे ऊन आपलं नव्हे. पाहुणं आलंय. पाहुण्यासाठी कोणी घर बदलत नाही."

त्यांचं घराणं मराठी, पण इथं कधीपासून आहे ते त्यांनाही सांगता यायचं नाही. "कुठल्या तरी राजाच्या फौजेबरोबर आलो, असं आमचे अण्णा म्हणायचे. घोड्यावरून का चालत, कोण बघितलंय?" त्यांची मराठी आमच्या कानाला आधी गमतीची वाटायची, मग सवयीची झाली. मी मिलिंद, त्या मला 'मिलिंदप्पा' म्हणत. माझी बायको वंदना 'वंदनम्मा' झाली. 'बरं' ऐवजी 'सरी'. आणि प्रत्येक वाक्यात 'स्वल्प'. कानडीतला हा शब्द इथं रिक्षावाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी असतो: स्वल्प थांबा, स्वल्प सरका, स्वल्प सांभाळून घ्या. पण शारदाक्कांचं स्वल्प निराळं होतं, आणि ते निराळं आहे हे मला ठाऊक होतं. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

एकदा सकाळी त्यांनी खालून हाक मारली. "मिलिंदप्पा, वेळ असेल तर स्वल्प या. हाताला स्वल्प लागलंय." मी दाढी पुरी करून, चहा पिऊन खाली गेलो. त्या खुर्चीत बसल्या होत्या, पदराखाली हात धरून. न्हाणीघरात पाय घसरला होता. मनगट मोडून वाकडं झालं होतं. दवाखान्यात प्लास्टर घालणारा डॉक्टर त्यांना कानडीत विचारत होता, फार दुखतंय का. त्या म्हणाल्या, "स्वल्प."

परत येताना रिक्षात मी म्हटलं, "अक्का, तुम्ही जोरात हाक मारायची होती."

"जन्मभर लोकांचा जोर ऐकला," त्या म्हणाल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या कामावर त्यांची सगळी नोकरी गेली होती. "जो तो अर्जंट. ज्याचं खरंच कोणी गेलेलं असायचं ना, तो हळू बोलायचा. बाकीचे ओरडायचे. तेव्हाच ठरवलं, आपण ओरडायचं नाही."

त्या दिवसानंतर वंदना आणि मी आपसात म्हणायचो की अक्कांच्या स्वल्पला दहानं गुणावं. हसायचो त्यावर.

पंखा नसला तरी उन्हाळा कसा काढायचा याची त्यांची एक पद्धत होती, आणि ती चालत होती. ऊन चढायच्या आत रस्त्याकडचे पडदे ओढायचे, संध्याकाळी सगळं घर उघडं टाकायचं. दुपारी रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. आलं-कोथिंबीर घातलेलं पातळ ताक मडक्यात तयार. मी एकदा लॅपटॉप दुरुस्तीला इथल्याच शिवाजीनगरला गेलो होतो, भर दुपारी, स्कूटरवरून. परत आलो तो जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसकण मारली. डोळ्यांपुढं काळं. त्यांनी मला तिथून ओढत आपल्या खोलीत नेलं, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली, पाय बादलीत सोडायला लावले. ताक दिलं ते मीठ टाकून, घोटाघोटानं.

"कोणाशी पैज लावली होती?" त्यांनी विचारलं.

"काम होतं अक्का."

"काम संध्याकाळीही असतं. उन्हाशी वाद घालायचा नाही, मिलिंदप्पा. वाट द्यायची त्याला. गेलं की आपण बाहेर पडायचं."

त्या खोलीत तेव्हा खरोखर गारवा होता. घराच्या पूर्वेला, शेजारच्या भिंतीला लागून एक अरुंद बोळ आहे. त्या बोळात उघडणारी त्यांची खिडकी. तिच्या खालीच त्यांचा पलंग. बोळातली हवा दिवसभर सावलीत असायची, ती या खिडकीतून आत येई आणि स्वयंपाकघराच्या दारानं मागं जाई. "हाच माझा पंखा," त्या खिडकीच्या गजावर थाप मारून म्हणायच्या. "करंट लागत नाही, आवाज नाही."

मग शेजारचं बैठं घर पाडून तिथं चार मजली इमारत उभी राहिली. बोळ विहिरीसारखा झाला. तरीही ती खिडकी काम करत होती, थोडं कमी.

आता माझ्या मशीनचं सांगतो.

वरच्या मजल्यावर आमच्या डोक्यावर थेट गच्ची. मी घरून काम करतो, दिवसभर खोली बंद करून कॉल चालू असतात. गेल्या वर्षी मार्चमध्येच ती खोली भट्टीसारखी तापायला लागली. एसी घ्यावा लागला, त्यात मी काही चूक केली असं आजही मला वाटत नाही. बाहेरचा मोठा डबा कुठं बसवायचा हा प्रश्न होता. मी गच्ची म्हटलं. मेकॅनिक नको म्हणाला. "वर डायरेक्ट धूप सर. मशीनला सावली पाहिजे. लाइफ वाढतं." त्यानं खाली वाकून बोळ पाहिला. "इकडं मस्त सावली आहे. पाइपही कमी लागतो."

मी सरी म्हटलं. शारदाक्कांच्या खिडकीच्या बरोबर वर, हातभर अंतरावर, डबा बसला. त्यांनी खालून पाहिलं, मेकॅनिकला ताक दिलं.

आठवड्याभरानं असेल, त्या जिना चढून वर आल्या. मनगट मोडल्यापासून त्या जिना चढत नसत. मी कॉलवर होतो. कानात हेडफोन, माइक बंद केला, आणि खुर्चीतून न उठता हसलो.

"मिलिंदप्पा, ते तुमचं मशीन स्वल्प हलवता येतंय का बघा. मला खाली स्वल्प गरम येतंय."

"बघतो अक्का. मेकॅनिकला सांगतो."

"सरी. घाई नाही."

त्या निघाल्या. दारात थांबल्या, खोलीत एकदा नजर फिरवली. "छान थंड आहे हो," म्हणाल्या. मग एकेक पायरी उतरत गेल्याचा आवाज येत राहिला, तोवर मी माइक परत चालू केला होता.

'स्वल्प'चा अर्थ मला कळला नाही असं म्हणायची सोय मला नाही. कळला. दहानं गुणायचं असतं हे मीच म्हणायचो. मी मेकॅनिकला फोन लावला, त्यानं उचलला नाही. सीझन होता त्याचा. पुन्हा लावला नाही. दोन दिवसांनी बोळाकडची ती खिडकी बंद दिसली. आमच्या जिन्याच्या वळणावरून ती दिसते, म्हणजे रोज येता-जाता दिसत होती. मी मनाशी म्हटलं, डास येत असतील. शेजारच्या इमारतीची धूळ असेल. असं काहीबाही म्हणत रोज पायऱ्या उतरायचो. वंदनानं एकदा विचारलं, "अक्कांनी खिडकी का लावून घेतलीय?" मी म्हटलं, "विचारतो." विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग काहीतरी करावं लागलं असतं. माझ्या स्वभावात भांडण नाही, असं लोक म्हणतात. मला तोंडावर नाही म्हणता येत नाही, हे खरं. हो म्हणून गप्प बसता येतं.

त्यांच्या भावाचा मुलगा श्रीधर बोम्मसंद्राला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, येण्याजाण्यात सुट्टीचा दिवस जातो. एप्रिलमध्ये एका रविवारी तो पंख्याचा खोका घेऊन आला. खालून त्यांचा वाद वर ऐकू येत होता.

"अत्ते, ऐक ना. हुक आहेच वर."

"हुकाला कांदे आहेत."

"कांदे स्वयंपाकघरात ठेव की."

"तिथं नासतात. तू घेऊन जा. बायकोला दे, ती दिवसभर चुलीपाशी असते. मला बेड."

बेड म्हणजे नको. हा शब्द त्या वापरायच्या तेव्हा तो शेवटचा असायचा. श्रीधर खोका परत स्कूटरवर बांधून गेला. मी जिन्यातून पाहत होतो. त्यानं वर बघून हात केला. "तुम्ही तरी सांगा हो त्यांना," म्हणाला. मी मान डोलावली. तेव्हा खाली जाऊन त्याला सांगता आलं असतं की पंखा राहू दे, आधी ही खिडकी का बंद आहे ते बघ. मी घरात जाऊन दार लावून घेतलं, कारण थंड हवा बाहेर जात होती.

त्यानंतरच्याच आठवड्यात, दुपारी, वंदनाचा ऑफिसमधून फोन आला. "अक्का फोन उचलत नाहीत. कधीपासून करतेय." मी म्हटलं, झोपल्या असतील. ती म्हणाली, "फोन वाजला आणि त्यांनी उचलला नाही असं कधी झालंय का?" ते खरं होतं. तरी मी चालू कॉल संपवला, मगच उतरलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरलो तर आतली हवा हलतच नव्हती, तोंडावर गरम कांबळं टाकल्यासारखं झालं. त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. अंगात स्वेटर. दुपारी, त्या उकाड्यात, बटणं वरपर्यंत लावलेली. मी हाक मारली तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. फार नम्र आवाजात म्हणाल्या, "लाइनवर राहा. जोडते."

हाताला हात लावला. कातडी तापलेली आणि कोरडी, घामाचा थेंब नाही. स्वेटर काढला. मडक्यातलं पाणी अंगावर ओतलं, मानेला, काखेत ओले टॉवेल लावले, त्यांनीच मला शिकवलेलं. प्यायला द्यायला गेलो तर पाणी ओठांतून बाहेर येत होतं, ठसका लागेल म्हणून थांबलो. अॅम्ब्युलन्सला फोन केला. मग वारं यावं म्हणून पलंगावर चढून ती खिडकी उघडली, आणि वरच्या माझ्या डब्याचा झोत समोरच्या भिंतीवर आपटून सरळ तोंडावर आला. चुलीसमोर वाकावं तसा. मी ती पुन्हा बंद केली. वर धावत जाऊन मशीन बंद करावं हे सुचायला मला वेळ लागला.

तिथून दवाखान्यापर्यंत त्या बोलल्या ते सगळं एक्स्चेंजमधलं. कोणाला तरी मैसूर जोडून देत होत्या.

तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी मला विचारलं, खोलीत हवा खेळती होती का. मी म्हटलं, "पंखा नव्हता. त्यांना नको असायचा." त्यांनी तसं लिहून घेतलं. म्हणाल्या, या वयात तहान लागल्याचं कळत नाही, आणि एकदा डोकं गोंधळलं की आपल्याला काय होतंय हेही कळत नाही, म्हणून कोणीतरी रोज डोकावायला पाहिजे. तुम्ही होतात म्हणून इथवर तरी आल्या.

श्रीधर बोम्मसंद्राहून निघाला होता. दवाखान्यात येऊन, मग अक्कांचे कपडे घ्यायला तो त्यांच्या घरी जाणार होता. मी त्याला दवाखान्यात भेटलो, आणि काहीतरी निमित्त काढून त्याच्या आधी घरी आलो. मशीन बंदच होतं. मी खालच्या खोलीत जाऊन खिडकीची दोन्ही दारं पुरती उघडून, खिट्टीनं अडकवून ठेवली. पडदा बाजूला केला. हे मी घाबरून केलं असं नाही. शांतपणे केलं.

श्रीधर आला. पलंगाशी उभा राहून त्या उघड्या खिडकीकडे बघत राहिला. "खिडकी सताड उघडी ठेवूनही असं झालं," तो म्हणाला. "म्हणजे पंखाच पाहिजे होता. मी त्या दिवशी ऐकायला नको होतं तिचं. जबरदस्तीनं लावायला हवा होता."

शारदाक्का चौथ्या की पाचव्या दिवशी गेल्या. मूत्रपिंडं थांबली होती. एकदा मधे डोळे उघडले होते, वंदना जवळ होती. "सगळ्यांना स्वल्प त्रास झाला," म्हणाल्या.

तेराव्याच्या आत मी मेकॅनिकला गाठलं. डबा गच्चीवर गेला. सकाळी आला आणि जेवायच्या आधी काम संपवून निघाला.

क्रॉसमधले लोक म्हणायचे, हट्टी होत्या, पंखा नाही म्हणजे नाही. सगळ्यांना ते सोयीचं होतं, मला सगळ्यात जास्त. त्यांच्या हट्टाच्या गोष्टी लोक हसून सांगत, आणि मीही एखादी सांगायचो. श्रीधर मात्र हसायचा नाही. महिन्या-दीड महिन्यानं तो घर झाडायला, दिवा लावायला यायचा. काम झालं की वर आमच्याकडे बसायचा. प्रत्येक वेळी तेच. तो खोका परत बांधताना दोरी तुटली होती, तेव्हा त्यानं नवी दोरी आणून बांधला. दोरी तुटली तेव्हाच थांबायला हवं होतं. घरी बायकोलाही तो पंखा वापरू देत नाही, म्हणाला. माळ्यावर टाकलाय. झोप नीट लागत नाही, कारखान्यात दोनदा चुका झाल्या, साहेब बोलले. वजन उतरलेलं दिसत होतं. वंदना त्याला खायला घालायची आणि तो गेल्यावर म्हणायची, "याला कोणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं." मी तिलाही काही सांगितलं नव्हतं.

परवा वर्षश्राद्ध झालं. भटजी गेले, चार नातेवाईक गेले, वंदना पाठवणी करायला कोपऱ्यापर्यंत गेली. श्रीधर आणि मी खालच्या पायरीवर बसलो होतो. ऊन यंदाही तसंच आहे. तो हातातली पाण्याची बाटली नुसती फिरवत होता.

"अजून वाटतं," तो म्हणाला, "ती दोरी..."

"खिडकी बंद होती, श्रीधर."

त्याला कळलं नाही. "कुठली?"

"अक्कांची. त्या दिवशी. बरेच दिवस बंद होती. तुम्ही यायच्या आधी मी उघडून ठेवली."

मग मी सगळं सांगितलं. डबा कुठं होता, झोत कुठं येत होता. सांगायला फार वेळ लागला नाही. इतके महिने मला वाटत होतं की ही मोठी गोष्ट आहे, सांगायला बसलं तर संपायची नाही.

"अत्ते तुम्हाला बोलली होती?"

"हो. एकदा."

"एकदा," तो म्हणाला. मग हातातली बाटली पायरीवर ठेवली. "वर्षभर मी तुमच्याकडे येऊन बसायचो."

"हो."

"पंखा पंखा करायचो."

"हो."

"आणि तुम्ही प्रत्येक वेळी म्हणायचात, श्रीधर, तुमची चूक नाही."

"हो."

"ते खरं होतं तर," तो म्हणाला.

तो रागावेल, अंगावर येईल, निदान उठून जाईल, याची मी तयारी करून बसलो होतो. तो रडायला लागला, पण गेले वर्षभर मी पाहिलेलं ते रडणं नव्हतं. खांदे सैल सोडून, तोंड न झाकता, दमलेलं माणूस रडतं तसा. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. मग बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, उरलेलं प्याला, आणि फाटकाबाहेर जाऊन स्कूटरला टेकून बायकोला फोन लावला. कानडीत बोलत होता, हळू. मला तेवढी कानडी येते. तो म्हणत होता, माळ्यावरचा पंखा काढून ठेव, मी येऊन लावतो.